भाचीच्या लग्नाला काय नेसू?

आमच्या वस्तीतील एका भगिनीने सख्ख्या भाचीच्या लग्नाला न जाण्याचे जवळजवळ ठरवलेच होते. कारण विचारले तर आधी म्हणाल्या, पाय दुखतात. मग म्हणाल्या, रजा मिळत नाही. शेवटी खरे बोलल्या. "ताई, अंग एवढे सुटले आहे, एकही ब्लाऊज होत नाही. फोटोत सगळे हसतील. त्यापेक्षा आहेराचे पाकीट पाठवून देते." या मावशीने त्याच भाचीला लहानपणी वर्षभर आपल्याकडे ठेवून शाळेत घातले होते. तिने मंगल परिणयाला हजर नसावे, आणि ते कशामुळे, तर ब्लाऊजच्या काखेमुळे!

तेव्हा आजचे सदर कपड्यांवर. ज्या बंधूंना हा विषय हलका वाटतो त्यांनी घरातील लग्नांचे जुने फोटो काढून पाहावेत. आपली बायको, आई, वहिनी त्यात कुठे उभी आहे? पुढे, की कोणाच्या तरी खांद्याआड?

लग्नात भेटल्याबरोबर "काय गं, किती सुटलीस!" असे म्हणणाऱ्या नातेवाईक बाया प्रत्येक घरात असतात. त्यांना वाटते आपण आपुलकीने बोललो. वजनाचा प्रश्न असेल तर तो डॉक्टरांच्या खोलीत बोलायचा, जेवणाच्या पंगतीत नव्हे. लग्नाला जायचे आहे ते आज जे अंग आहे ते घेऊन. पुढच्या वर्षी बारीक होऊ तेव्हा होईल म्हणून घट्ट ब्लाऊज शिवून ठेवणाऱ्या भगिनी मी पाहिल्या आहेत. ते ब्लाऊज अजून पेटीत आहेत.

आता थोडा हिशेब, कारण साडीचा अर्धा प्रश्न हिशेबाचाच आहे. साडी साधारण साडेपाच मीटर असते आणि तिला सुमारे ८० सेंटिमीटरचा ब्लाऊजपीस जोडलेला असतो. साडीचे कमरेभोवती साधारण दोन फेरे होतात. जिचा नितंबाचा घेर ३६ इंच आहे तिचे दोन फेऱ्यांत अंदाजे १ मीटर ८० सेंटिमीटर कापड जाते. घेर ५० इंच असेल तर अडीच मीटर जाते. म्हणजे ७० सेंटिमीटरचा फरक पडला. हा फरक कुठून भरून निघतो? निऱ्यांतून आणि पदरातून. म्हणून भरल्या अंगाच्या बाईच्या निऱ्या तीन-चारच येतात, पदर कमरेपर्यंतच राहतो आणि तिला वाटते की दोष आपल्या अंगाचा आहे. दोष अंगाचा नाही, कापड कमी पडले. यावर सोपा उपाय असा की जोडलेला ब्लाऊजपीस कापूच नका. तो साडीलाच राहू द्या आणि ब्लाऊजसाठी वेगळे कापड घ्या. कापलेला ८० सेंटिमीटरचा तुकडा मोठ्या मापाला, त्यातही कोपरापर्यंत बाही हवी असेल तर, बहुधा पुरतच नाही. एक मीटर किंवा थोडे जास्तच लागते. दुकानात साडी घेताना हाताने मोजून घेण्यास लाजू नका. स्वस्त साडीत लांबी आणि पन्ना दोन्ही कमी निघतात. पन्ना कमी असेल तर साडी घोट्याच्या वर राहते.

खरी अडचण मात्र ब्लाऊजची असते. आपण काय करतो? दोन वर्षांपूर्वीचा ब्लाऊज मापासाठी देतो आणि वर सांगतो, "यापेक्षा थोडा सैल करा." थोडा म्हणजे किती, हे टेलरला कसे कळणार? अंगावर माप द्या. लग्नात आतून जे घालणार तेच घालून द्या, कारण त्यावर छातीचे माप बदलते. छाती आणि कंबर सगळेच टेलर घेतात, पण दंडाचा घेर आणि मुंढा आपण आठवण करून द्यावी लागते. काखेत उसवणारा ब्लाऊज तिथेच चुकलेला असतो. पुढची उंची आणि मागची उंची वेगवेगळी मोजायला सांगा. छाती भरलेली असली की पुढे कापड जास्त लागते. ते दिले नाही तर ब्लाऊज पुढून वर चढतो आणि बाई दिवसभर तो खाली ओढत बसते. उंची नेहमीपेक्षा इंच-दीड इंच वाढवून घेतली तर पोटाचा उघडा भाग कमी होतो व निवांत बसता येते. नुसत्या टकांच्या साध्या ब्लाऊजपेक्षा कटोरी किंवा प्रिन्सेस कट मोठ्या छातीला चांगला बसतो. शिलाई थोडी जास्त पडते, पण हा खर्च साडीच्या किमतीतून कमी करून करावा असे माझे मत आहे. साधी साडी आणि नीट बसलेला ब्लाऊज ही जोडी भारी साडी आणि ताणलेल्या हुकांपेक्षा केव्हाही उजवी दिसते.

बाहीबद्दल एकच सांगते. दंडाच्या सर्वात जाड भागावर संपणारी बाही शिवू नका, नजर तिथेच जाते. कोपराच्या किंचित वर किंवा कोपरापर्यंत ठेवा. कोणाला बिनबाहीचा आवडत असेल तर तिने खुशाल घालावा, त्यावर कोणी पंच नेमलेले नाहीत. अस्तर सुती घ्या आणि शिवायला देण्याआधी पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते. दोन्ही बाजूंना इंचभर माया ठेवायला बजावून सांगा. ही माया ठेवली तर पुढच्या लग्नालाही तोच ब्लाऊज उसवून सैल करता येतो.

परकराकडे कोणी लक्ष देत नाही. साडी घसरू नये म्हणून आपण नाडी करकचून बांधतो. वजनदार अंगात ती रुतते, घाम येतो, कातडी काळी पडते, कधी सोलवटते. हे किरकोळ समजू नका. २०२४ साली वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांची हकिकत एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षे कमरेला घट्ट बांधल्यामुळे एकाच जागी घर्षण होत राहिले, जखम बरी होईना आणि शेवटी तिथे त्वचेचा कर्करोग निघाला. अशी उदाहरणे दुर्मीळ आहेत, घाबरून जाऊ नये. पण कमरेवरची जखम काही आठवडे भरत नसेल तर हळद लावून बसू नये, दवाखान्यात दाखवावे. आणि परकराला दोरीसारख्या नाडीऐवजी रुंद पट्टा लावून घ्यावा. परकर कमी घेराचा, सुती असावा. फार घेरदार परकराने साडी फुगते. हल्ली अंगाला चिकटून बसणारे ताणाचे परकर मिळतात. त्यात साडी सुबक बसते हे खरे, पण मे महिन्यात पंख्याच्या हॉलमध्ये चार तास तो घालून पाहावा आणि मग ठरवावे. मांड्या घासत असतील तर आत गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी घाला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला दुवा द्याल.

कापड अंगावरून खाली पडणारे हवे. जॉर्जेट, क्रेप, मऊ सिल्क, मलमल चांगली. ऑर्गन्झा, टिश्यू, खळ दिलेली कडक सुती साडी अंगापासून लांब उभी राहते. मात्र जॉर्जेट आणि क्रेप बहुधा कृत्रिम धाग्याचे असतात व उकाड्यात जीव नकोसा करतात, म्हणून उन्हाळ्यातील लग्नाला मी तरी मऊ सुती किंवा सुती-रेशमी साडीच सांगेन. ज्यांना सवय आहे त्या आज्यांनी नऊवारीच नेसावी. नऊवारीत भरलेले अंग बेढब दिसते असे म्हणणाऱ्याने काष्टा घातलेली बाई कामाला लागलेली पाहिलेलीच नाही.

जाड बाईने आडव्या रेषा नेसू नयेत, उभ्याच नेसाव्यात, असे दुकानदारापासून नणंदेपर्यंत सगळे सांगतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ सालीच दाखवले होते की आडव्या रेषांनी भरलेला चौकोन उंच आणि अरुंद भासतो. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठात २०११ साली स्त्रियांच्या कपड्यांवर हाच प्रयोग केला, तेव्हा आडव्या रेषांनी बाई जाड दिसत नाही असेच आढळले. तेव्हा आवडली असेल तर आडव्या रेषांची साडी घ्या.

पांढऱ्याचा प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे. पांढरा रंग वैधव्याशी जोडण्याची रूढी आपण सोडली, आपली नवरी-नवरदेव पांढऱ्यातच बसतात आणि घरच्या बायकाही पांढरी साडी नेसतात. पण अंगाने भरलेल्या भगिनी कुरकुरतात की पांढऱ्यात आपण आणखी मोठ्या दिसतो. काळोख्या पार्श्वभूमीवर पांढरी वस्तू किंचित मोठी भासते हे खरे आहे. पण जिथे अर्धा हॉल पांढरा आहे तिथे कोण कोणाला मापणार? पांढऱ्यात खरी अडचण आरपार दिसण्याची असते. परकर पांढरा किंवा अंगाच्या रंगाचा घ्या, ब्लाऊजला दुहेरी अस्तर लावा. शुभ्र नको वाटला तर मोतिया किंवा सायीचा रंग घ्या. काठ निळा असला तर उत्तमच.

साडी घोट्यापर्यंत पोचली पाहिजे असे वर लिहिले. आपल्या आज्या-पणज्यांसाठी ती नुसती दिसण्याची गोष्ट नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले, त्यात लुगडे नेसण्याची पद्धत आणि चांदी-कथलाचे अंगभर दागिने यांवर ते बोलले. ज्या पेहरावावरून माणसाची जात ओळखली जाते तो टाकून द्या, हा त्याचा रोख होता. म्हणून म्हणते, लग्नात काय नेसावे हा प्रश्न आपल्या घरात क्षुल्लक कधीच नव्हता.

मुली ड्रेस घालतात, त्यांच्यासाठी थोडे. चिठ्ठीवरच्या एक्सएल, डबल एक्सएलवर विश्वास ठेवू नका. एका कंपनीचा डबल एक्सएल दुसरीच्या एक्सएलएवढा निघतो. भारतीय शरीरांची प्रमाणित मापे ठरवण्यासाठी निफ्ट या संस्थेचा सहा शहरांतील २५,००० माणसे मोजण्याचा प्रकल्प २०१८ साली जाहीर झाला, यावरूनच काय ते समजा. तेव्हा घालून पाहा आणि खाली बसून पाहा. आणखी एक कारकुनी सूचना: २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यावर नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. कर वेगळा लावणाऱ्या दुकानात २,५०० चा ड्रेस २,६२५ ला पडतो आणि २,६०० चा ३,०६८ ला. किंमत विचारताना करासह विचारा.

चपला सपाट आणि वापरलेल्या घाला. दागिना एक पुरे. उधारीवर साडी घेऊ नका. बहिणीची मागून नेसलेली साडी फोटोत मागितलेली दिसत नाही.

चार दिवस आधी सगळे अंगावर घालून घरातच रंगीत तालीम करा. खाली मांडी घालून बसा, वंदनेसाठी हात जोडा, फुले टाकताना उचलतो तसे दोन्ही हात वर करा, वाकून कोणाचे तरी मूल उचला. कुठे ताणले, कुठे उसवले ते तेव्हाच कळेल. त्यासाठी ब्लाऊज आठ दिवस आधी घरी आलेला हवा. लग्नसराईत आदल्या संध्याकाळी गेलात तर बटण काचपेटीवर ठेवून टेलर गावी गेलेला असतो, आणि त्याच्या दारावर आपल्यासारख्याच दहा बायका कुलपाकडे बघत उभ्या असतात.