वर्गाचं दार उघडं राहू द्या: क्रीडा आयुक्तांना खुलं पत्र

मा. आयुक्त,
क्रीडा व युवक सेवा, महाराष्ट्र राज्य,
शिवछत्रपती क्रीडा संकुल, म्हाळुंगे-बालेवाडी, पुणे.



राज्यातल्या जिल्हा आणि तालुका क्रीडा संकुलांत, पालिकेच्या सभागृहांत, शाळा सुटल्यावर शाळांच्याच हॉलमध्ये कराटे, तायक्वांदो, ज्यूदो, किकबॉक्सिंगचे वर्ग भरतात. सार्वजनिक जागेत भरणाऱ्या अशा प्रत्येक वर्गाला दोन गोष्टी बंधनकारक कराव्यात, ही विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. वर्ग चालू असताना पालकांना आणि शिकू इच्छिणाऱ्या कुणालाही बसून पाहता आलं पाहिजे. आणि फी भरण्याआधी नव्या माणसाला काही दिवस विनामूल्य शिकून बघता आलं पाहिजे.

मी स्वतः कराटे शिकवते. ही मागणी आपल्याच पोटावर पाय देणारी आहे, असं माझ्या काही सहकाऱ्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही.

माझ्या भाचीसाठी आम्ही दुसऱ्या शहरात वर्ग शोधत होतो. घराजवळच्या एका वर्गाच्या दाराच्या काचांना आतून कागद चिकटवलेले होते. सरांनी बाहेर येऊन सांगितलं, की आईवडील समोर असले की मुलं लाडावतात, शिस्त राहत नाही, बघायचंच असेल तर बेल्टच्या परीक्षेला या. वर्षाची फी आधी भरायची, ती परत मिळणार नाही, ड्रेस त्यांच्याकडूनच घ्यायचा. मुलगी सहा वर्षांची. तिला लाथा मारायला आवडतील की ती दुसऱ्याच दिवशी रडत घरी येईल, हे तिलाही ठाऊक नव्हतं. ते सर कदाचित उत्तम शिकवत असतील. पण ते कळायचा एकही मार्ग त्यांनी आमच्यासाठी ठेवला नव्हता. आम्ही परत फिरलो. त्या दारातून किती चांगली मुलं अशीच परत फिरत असतील, याची हळहळ मला आजही वाटते.

असं दार लावून घेणारे बऱ्याचदा परंपरेचं नाव सांगतात. ही गुरूची विद्या आहे, ती चारचौघांत उघडी करायची नसते, असं ऐकवतात. ज्या कलांचं नाव हे सर घेतात, त्यांचा इतिहास मात्र नेमकं उलट सांगतो. ओकिनावा बेटावर एकोणिसाव्या शतकात कराटे खरोखरच लपूनछपून शिकवलं जाई. पुढे कराटेचे मोठे गुरू झालेले गिचिन फुनाकोशी लहानपणी रात्रीच्या अंधारात आपले गुरू आझातो यांच्या घरी जात आणि मागच्या अंगणात महिनोन्महिने एकच काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, घोटत. पण त्या अंधारातून कराटेला बाहेर काढलं ते त्याच पिढीच्या गुरूंनी. आंको इतोसू यांनी १९०१ च्या सुमारास ते शाळेतल्या मुलांपुढे आणलं, त्यासाठी अवघड काता सोप्या केल्या. १९०८ साली त्यांनी सरकारी खात्यांना दहा कलमांचं एक पत्र लिहिलं. शरीर आणि मन घडवायला ही कला शाळांमधून शिकवली जावी, असं त्यात त्यांनी आग्रहानं मांडलं. म्हणजे आज आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणाऱ्या कराटेच्या मुळाशी एका शिक्षकानं सरकारला लिहिलेलं पत्र आहे. मलाही हे पत्र आपल्याला लिहावंसं वाटलं, त्यामागे तो आधार आहे. पुढे १९२२ साली फुनाकोशींनी टोकियोत लोकांसमोर प्रात्यक्षिक दाखवलं आणि ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकानमध्ये बोलावून घेतलं. दुसऱ्या कलेचा माणूस आपल्या घरात येऊन आपलं काय ते दाखवतो आहे, याची कानोंना भीती वाटली नाही.

कानो हे पेशानं शिक्षक. १८८२ साली टोकियोतल्या एइशोजी मंदिरात बारा चटयांच्या जागेत त्यांनी कोदोकान सुरू केलं. आज ती आठ मजल्यांची इमारत आहे. सातव्या मजल्यावर ४२० तातामींचा (चटयांचा) मुख्य दोजो, म्हणजे सरावाचा हॉल, आहे आणि आठव्या मजल्यावर प्रेक्षकांना बसायची जागा. कुणीही वर जाऊन, एक पैसा न देता, खाली चाललेला सराव बघू शकतो. जगभरच्या ज्यूदोची जी गादी, तिथं पाहुण्याला मज्जाव नाही. मग आपल्याकडच्या एखाद्या हॉलमध्ये तो का असावा?

जपान तरी कशाला? कोल्हापूरच्या तालमींत वस्ताद मुलांकडून जोर काढून घेत असतात, हौद्यात जोडी लागलेली असते आणि कठड्याशी पेठेतली म्हातारी माणसं बसून डाव कुठं चुकला ते सांगत असतात. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोममधलं प्राचीन प्रेक्षागार त्यांनी पाहिलं, आणि पुढे कोल्हापुरात कुस्तीचं खासबाग मैदान उभं राहिलं, १९१२ साली ते पुरं झालं. जत्रेतली कुस्ती तर अख्ख्या गावासमोरच होते. मल्लाची तयारी आणि त्याच्या वस्तादाची लायकी, दोन्ही लोकांच्या डोळ्यांसमोर ठरायची. त्या उघडेपणातही एक भिंत होती, हे विसरून चालणार नाही: बायकांना तालमीची पायरी चढता येत नसे. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली, तेव्हा कुस्ती खेळणाऱ्या मुली साऱ्या राज्यानं पाहिल्या. त्या दिवसानंतर किती घरांत आठ-दहा वर्षांच्या पोरींनी बापाकडे हट्ट धरला असेल! ज्यांनी आजवर ही कला जवळून पाहिलीच नाही, त्यांना ती पाहू देणं हेच पहिलं निमंत्रण असतं.

नुसतं बघून काय कळणार, असं विचारतात. खूप कळतं. नवख्या माणसाला काताची शुद्धता कळणार नाही, पण बाकीचं जवळपास सगळं कळतं. एका शिक्षकामागे किती मुलं आहेत, सर स्वतः शिकवतात की तपकिरी पट्ट्याच्या पोरावर वर्ग सोडून फोनवर बोलत बसतात, कुमितेच्या (लढतीच्या सरावाच्या) वेळी बारक्या मुलासमोर दांडगा मुलगा उभा करतात का, डोक्याला आणि दातांना संरक्षण आहे का. एखादं मूल रडलं तर काय होतं. चुकलं तर समजावतात की छडी उगारतात. पाणी प्यायला मागितलं तर मिळतं का. मोठी मुलं लहानांशी कशी वागतात, यावरून तर त्या वर्गाचा स्वभावच कळतो, कारण मोठी मुलं सरांसारखीच वागायला शिकलेली असतात.

यातली एक गोष्ट जिवाशी निगडित आहे. जपानमध्ये १९८३ ते २०११ या काळात शाळांतल्या ज्यूदोत शंभराहून अधिक मुलांचा मृत्यू झाला. त्यांत नुकतीच सुरुवात केलेली, पहिल्या वर्षाची मुलं जास्त होती, आणि बहुतेकांना डोक्याला मार लागला होता. ज्यूदो जिथं जन्मला, तिथली ही गोष्ट आहे. पडायचं कसं, हनुवटी छातीशी कशी लावायची, हात चटईवर कधी आपटायचा, हे अंगात मुरण्याआधी मुलाला फेकलं तर काय होतं, ते या आकड्यानं दाखवलं. तिथल्या पालकांनी आणि अभ्यासकांनी हा विषय लावून धरला, तेव्हा सुरक्षेचे नियम कडक झाले. आपल्याकडे अशा अपघातांची नोंद कोण ठेवतं? म्हणून निदान आईबापांना कोपऱ्यात खुर्ची टाकून बसू द्या. नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात फेकताना दिसलं, तर कुठलंही तांत्रिक ज्ञान नसलेली आईसुद्धा उठून विचारेल.

दुसरी गोष्ट बोलायला जड जाते, पण टाळता येणार नाही. या कलांत शिक्षक मुलाच्या अंगाला हात लावूनच शिकवतो. खांदा वळवतो, कंबर सरळ करतो. आणि त्याच वेळी, सरांनी सांगितलं की उलट विचारायचं नाही, अशी शिकवण आम्ही मुलांना देतो. या दोन्ही गोष्टी कलेची गरज आहेत, आणि म्हणूनच बंद दारामागे त्या दोन्ही धोक्याच्या आहेत. २०२३ च्या जानेवारीत देशाच्या नामांकित महिला मल्ल लैंगिक छळाचे आरोप घेऊन दिल्लीच्या जंतरमंतरवर बसल्या. जगभर पदकं जिंकलेल्यांना बोलायला इतका काळ लागला, तर नऊ वर्षांची मुलगी कुणाला सांगणार? २०२४ साली बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचारानंतर सरकारनं शाळांना सीसीटीव्ही बसवायला लावले. ते योग्यच झालं. पण कॅमेऱ्यातलं चित्रण लोक बहुतेकदा घडून गेल्यावर काढून बघतात. दाराशी बसलेल्या माणसामुळे कित्येक गोष्टी घडतच नाहीत. जे शिक्षक निर्मळ आहेत, आणि बहुसंख्य तसेच आहेत, त्यांनाही खोट्या संशयापासून वाचवणारी यासारखी दुसरी गोष्ट नाही.

विनामूल्य वर्गाबद्दल मात्र मला सावधपणे लिहायचं आहे. तो सुरू झाला की सगळं झालं, असं मी म्हणणार नाही. मोठ्या शहरांत असे वर्ग आता जाहिरातीचा भाग झाले आहेत. त्या दिवशी खास खेळ असतात, मुलाच्या हातून पातळ फळी फोडून घेतात, टाळ्या वाजतात, फोटो निघतो आणि लगेच आईला सांगतात की आजच वर्षाचे पैसे भरले तर सवलत, उद्या नाही. बघण्याची मुभा आणि विनामूल्य वर्ग, या दोहोंतली एकच गोष्ट निवडायची वेळ आलीच, तर मी बघण्याची मुभा निवडीन. विनामूल्य दिवस हवेतच, पण ते रोजच्या वर्गातले हवेत. नेहमीच्या मुलांबरोबर, नेहमीच्या शिक्षकाकडे, रोजचाच कंटाळवाणा किहोन, म्हणजे मूलभूत सराव, करत. एकच ठोसा शंभरदा मारण्यात मुलाला गोडी वाटते का, तेच तर बघायचं असतं. अशा दिवसांत कुमिते आणि फेकाफेकी पूर्ण बंद ठेवावी, ड्रेसची सक्ती नसावी आणि पैशाचा विषय सरांनी काढू नये.

आपल्या शाळांतून समग्र शिक्षा अभियानात राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं मुलींना आत्मरक्षेचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण मिळतं. तीन महिन्यांत फार काही हाती लागत नाही, पण एखाद्या मुलीला आपल्या अंगातल्या ताकदीची चुणूक मिळते. पुढे काय? तालुक्याच्या गावातल्या वर्गाची पायरी चढायला तिच्या घरच्यांना आधी खात्री हवी असते आणि पैशांची जुळवाजुळव करायला वेळ. काही दिवस विनामूल्य, आणि आईनं तिथंच बसायचं, एवढ्या दोन सवलतींवर अशी मुलगी टिकू शकते.

सहकाऱ्यांची अडचण मला ठाऊक आहे. हॉलचं भाडं वाढतं, सुट्टीत मुलं गळतात, फुकट्यांची ये-जा झाली तर शिकवायचं कधी, ही चिंता खोटी नाही. प्रेक्षक बसले की पहिले काही दिवस मुलांचं लक्ष उडतं, हेही मी अनुभवलं आहे. नंतर त्यांना सवय होते, आणि स्पर्धेत अनोळखी लोकांसमोर काता करायची वेळ आली की तीच सवय उपयोगी पडते. पाहुण्यांनी बोलू नये, आपल्या मुलाला बाहेरून सूचना देऊ नयेत, मोबाइलवर चित्रण करू नये, हे नियम वर्गानं जरूर घालावेत. मुली आणि महिलांच्या स्वतंत्र वर्गात कुणीही पुरुष येऊन बसणं बरोबर नाही. तिथं आधी विचारून आलेल्या नातेवाईक स्त्रियांनाच बसू द्यावं. आणि वर्ग मालकाच्या स्वतःच्या जागेत असेल, तर सरकारनं किती शिरावं, यावर वाद होऊ शकतो. माझी मागणी लोकांच्या पैशानं उभ्या राहिलेल्या जागांपुरती आहे.

म्हणून एवढं करावं. क्रीडा संकुलातला हॉल वर्गाला देताना करारातच ही अट लिहावी. शाळा आणि पालिकांच्या जागांसाठी शिक्षण आणि नगरविकास विभागांशी आपण पत्रव्यवहार करावा. प्रत्येक वर्गाच्या दारावर मराठीत फलक हवा: पाहण्याचे दिवस आणि वेळ, विनामूल्य किती दिवस, महिन्याची फी, प्रत्येक बेल्ट परीक्षेची फी, शिक्षक कोणत्या संघटनेचे आणि त्यांची पात्रता काय, प्रथमोपचाराची सोय, आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक. परीक्षेच्या फीचा मी मुद्दाम उल्लेख करते आहे. महिन्याची फी कमी सांगायची आणि दर तीन महिन्यांनी नव्या रंगाच्या पट्ट्यासाठी मोठी रक्कम काढायची, हा प्रकार फार बोकाळला आहे, आणि गरीब घरातलं मूल नेमकं तिथंच गळतं.

नवे प्रवेश जूनमध्ये होतात. त्याआधी बालेवाडीच्या संकुलात, आपल्या कार्यालयाच्या आवारातच, ही पद्धत सुरू झाली तर जिल्ह्यांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. फलकाचा मसुदा करायला शिक्षक, पालक आणि दोन-तीन मोठ्या विद्यार्थिनी यांना बोलावलंत, तर मी आनंदानं येईन.

आपली नम्र,
एक कराटे प्रशिक्षिका