परसातील कोंबड्या : उष्णतेचा इशारा ४० अंशांनंतर, त्रास ३० अंशांपासून

देशात १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये २०२५ चा फेब्रुवारी सर्वांत उष्ण ठरला. उन्हाळा लवकर सुरू झाला, की गावात पहिला फटका परसातील कोंबड्यांना बसतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात परसातील कोंबड्यांची संख्या सुमारे ३१.७ कोटी होती. आधीच्या गणनेपेक्षा ही वाढ जवळपास ४६ टक्के आहे. बचत गट आणि शासकीय योजनांमधून पक्षी वाढले. मात्र उन्हाळ्यात ते टिकवण्याचे नियोजन त्या प्रमाणात झालेले दिसत नाही.

इशाऱ्याची वाट का पाहू नये?

हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असेल, किंवा थेट ४५ अंशांवर गेले, तर उष्णतेची लाट मानली जाते. अकोला, चंद्रपूर भागात मे महिन्यात ४२ अंश हे नेहमीचेच तापमान आहे. त्यामुळे अशा दिवशी लाट जाहीर होत नाही. कोंबडीसाठी मात्र तो धोक्याचा दिवस असतो.

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश असते. तिला घामग्रंथी नसतात. हवेचे तापमान ३० अंशांच्या आसपास गेले, की ती चोच उघडून धापा टाकू लागते आणि पंख अंगापासून दूर धरते. धापेतून कर्बवायू जास्त बाहेर पडतो, रक्ताचे संतुलन बिघडते आणि कवचासाठी कॅल्शिअम कमी पडते. म्हणून उन्हाळ्यात अंड्याचे कवच पातळ होते. खाणे कमी झाल्याने अंडीही घटतात. पारा ३८ अंशांच्या पुढे गेल्यास मरतुकीचा धोका वाढतो. वजनदार पक्षी आधी बळी पडतात.

वाटपाची वेळ आणि जात

आर्थिक वर्षाअखेरीस म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये पिले वाटली, तर ती ऐन उन्हाळ्यात वाढीच्या टप्प्यात येतात. शक्य असेल तेथे वाटप पावसाळ्याच्या सुरुवातीनंतर किंवा हिवाळ्याच्या तोंडावर घ्यावे. विस्तार कार्यकर्त्यांनी ही मागणी गटाच्या प्रस्तावातच नोंदवावी. तीव्र उन्हाळ्याच्या भागात केवळ वजन पाहून जात निवडू नये. उघड्या मानेच्या जातींना पिसे कमी असल्याने उष्णता लवकर बाहेर पडते. इज्जतनगरच्या संस्थेची ‘हितकारी’ ही अशीच संकरित जात आहे.

भरपाई गृहीत धरू नका

२०२२-२३ ते २०२५-२६ या काळातील केंद्रीय आपत्ती निकषांत कोंबडीसाठी प्रतिपक्षी १०० रुपये आणि कुटुंबामागे कमाल १०,००० रुपये मदतीची तरतूद होती. परंतु त्या यादीत थंडीची लाट होती, उष्णतेची लाट नव्हती. स्थानिक आपत्ती ठरवून निधीतील १० टक्क्यांपर्यंत रक्कम वापरण्याची मुभा राज्यांना होती. मदत मिळाली तरी १०० रुपयांत गावरान कोंबडी येत नाही. म्हणून पक्षी वाचवणे हाच खरा विमा.

खुराड्याचे नियोजन

- पत्र्याचे खुराडे दुपारी भट्टीसारखे तापते. छतावर पऱ्हाटी, तुराट्या किंवा गवताचा जाड थर टाकावा. वरून चुना मारल्यासही फरक पडतो.
- खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. किमान दोन समोरासमोरच्या बाजूंना जाळी असावी.
- विदर्भ, मराठवाड्याच्या कोरड्या हवेत बारदान ओले करून बाजूला लावावे. कोकणात हवा दमट असल्याने ओलावा वाढवू नये, वारा खेळता ठेवावा.
- रात्री डालग्यात किंवा बंद पेटीत दाटीने पक्षी कोंडू नयेत. मांजर, मुंगसापासून बचावासाठी जाळीचे दार वापरावे.

पाणी आणि खाद्य

- कडक उन्हात १० मोठ्या कोंबड्यांना दिवसाला ४ ते ५ लिटर पाणी लागते. मातीची पसरट भांडी सावलीत दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. दुपारी पाणी किमान दोनदा बदलावे.
- खाद्य सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ६ नंतर द्यावे. पचनातून शरीरात उष्णता तयार होते, म्हणून दुपारी दाणे टाकू नयेत.
- अंड्यावरील कोंबड्यांना सायंकाळी शिंपल्यांचा चुरा द्यावा.
- इलेक्ट्रोलाइट पावडर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पाण्यातून द्यावी.
- लसीकरण, पकडणे, आठवडी बाजाराची वाहतूक ही कामे पहाटेच उरकावीत.

कोंबडी कोसळल्यास

तिला लगेच सावलीत न्यावे. पाय, तुरा आणि पोटाखालची पिसे साध्या पाण्याने भिजवून वारा घालावा. बर्फाचे पाणी वापरू नये. चोच उघडून पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावतो. शुद्धीवर आल्यावर ती स्वतःच पाणी पिते.

उष्माघात की मानमोडी?

उन्हाळ्यात कोंबडी मेली, की ‘रोग आला’ असे समजून उरलेल्या कोंबड्या घाईने विकल्या जातात. उष्माघातात मरतूक मुख्यतः दुपार ते संध्याकाळ होते, अंगाने भरलेले पक्षी आधी मरतात आणि ऊन उतरले की मरतूक थांबते. मानमोडीत हिरवट हगवण, मान वाकडी होणे, लंगडणे ही लक्षणे दिसतात आणि मरतूक दिवस-रात्र सुरू राहते. शंका असल्यास मेलेला पक्षी फेकू नये, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. मरतुकीची तारीख, वेळ आणि संख्या वहीत लिहून ठेवावी. निदानासाठी आणि मदतीच्या अर्जासाठी हीच नोंद उपयोगी पडते.

छत झाकणे, जाळी बसवणे ही कामे फेब्रुवारीतच पूर्ण करावीत. गावातील बैठकीत कार्यकर्त्यांनी लाटेची सूचना येण्याची वाट न पाहता, कोंबडीने चोच उघडली हाच इशारा मानण्यास सांगावे.