हायड्रेंजियाला गुलाबाची छाटणी नको

या महिन्यात आलेल्या वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा आहे. कुंडीतला हायड्रेंजिया पहिल्या वर्षी भरभरून फुलला, यंदा मात्र नुसता पाला. रोग नाही, कीड नाही, खतही वेळेवर. पत्रे नीट वाचली तर कारण त्यांतच सापडते: बहुतेकांनी झाड ऑक्टोबरमध्ये, गुलाबाबरोबरच, खालपर्यंत छाटले आहे.

कुंडीतला हा हायड्रेंजिया, म्हणजे मॅक्रोफायला ही जात, जुन्या काडीवर फुलतो. दिवस लहान होऊन रात्री गार पडू लागल्या की शेंड्याच्या डोळ्यात पुढच्या हंगामाची फुलकळी धरते. मात्र त्याआधी त्या काडीवर पानांच्या काही जोड्या येऊन ती पक्व झालेली असावी लागते. ऑक्टोबरात खरडून छाटले तर नवे धुमारे थंडीपर्यंत कोवळेच राहतात. जानेवारीत छाटले तर धरलेली कळीच कात्रीखाली जाते.

हौशी माणसाची ही चूक समजू शकते. सरकारी कागदावरची समजत नाही. एका शहरातल्या उद्यानांच्या देखभालीचा ठेका घेतलेल्या वाचकाने आपल्या कराराची प्रत पाठवली आहे. सर्व शोभेच्या झुडपांसाठी तीत एकच ओळ आहे: ऑक्टोबरमध्ये जमिनीपासून एक फुटावर छाटणी. हायड्रेंजियाच्या कुंड्याही त्यातच. बारा इंची कुंडीची उंचीच जवळपास फूटभर असते. मग मोजायचे कोठून, एवढाही विचार लिहिणाऱ्याने केलेला नाही. या कुंड्या वगळाव्यात असे ठेकेदाराने लेखी कळवले. उत्तर आले की वेळापत्रकात बदलाची तरतूद नाही आणि छाटणीआधीचे व नंतरचे छायाचित्र जोडल्याशिवाय देयक मंजूर होणार नाही. छाटणी झाली, देयक निघाले आणि उन्हाळ्यात कुंड्यांना फूल नाही म्हणून त्याच कार्यालयाने खुलासा मागवला. झाडाची ओळख नसलेल्या माणसाने वेळापत्रक लिहायचे आणि त्याचा दंड झाडाने व ठेकेदाराने भरायचा, हे आता थांबले पाहिजे.

दोष आपल्याही घरात आहे. सहा इंची कुंडीत फुललेले झाड विकताना किती रोपवाटिका ते कोणत्या काडीवर फुलते हे सांगतात? पॅनिक्युलाटा नव्या फुटीवर फुलतो, त्याची छाटणी वेगळी. ‘एंडलेस समर’सारखे वाण दोन्हीवर फुलतात. चिठ्ठीवर नुसते ‘हायड्रेंजिया’ लिहून भागत नाही.

हा अंक हाती पडेल तेव्हा ऑगस्ट सुरू असेल. फुले ओसरली असतील तर उघडीप पाहून महिनाअखेरपर्यंत छाटणी उरका. फुललेली काडी खालच्या जोमदार डोळ्यांच्या जोडीवर कापा, न फुललेल्या सशक्त काड्यांना हात लावू नका. कुंडीही याच वेळी बदला. पाणी देऊनही झाड दुपारी मान टाकत असेल आणि पाणी कडेने भरकन निघून जात असेल, तर आत मुळांची वेटोळी झाली आहेत. ती सोडवा आणि दोनच इंच मोठी कुंडी घ्या. कोकोपीट धुतल्याशिवाय वापरू नका. बोअरच्या जड पाण्याने सामू चढतो, लोह मिळत नाही आणि शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडते. तिथे पावसाचे पाणी साठवा. निळा रंग हवा असेल तर डीएपी बंद करा, कारण स्फुरद ॲल्युमिनियमला बांधून ठेवतो.

ज्यांच्या करारात अशी सरसकट ओळ आहे, त्यांनी त्या पानाची प्रत आमच्याकडे पाठवावी. नव्या निविदा निघण्याआधी आम्ही ती पाने संबंधित उद्यान अधीक्षकांसमोर ठेवणार आहोत. रोपवाटिकाधारकांनी मात्र निविदेची वाट पाहू नये. येत्या हंगामापासून प्रत्येक कुंडीला जात, वाण आणि छाटणीचा महिना लिहिलेली चिठ्ठी लावावी.