पूर ओसरला, शेत हिरवं दिसतंय. मग पीक नंतर का वाळतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापुरात नद्यांचं पाणी शेतात शिरलं. कुठे माती खरडून गेली, कुठे उभं पीक आडवं झालं. हे नुकसान फोटोत दिसलं. पण अतिवृष्टीचं एक नुकसान लगेच दिसत नाही. पाणी ओसरतं, कापूस किंवा तूर उभीच असते, पानंही हिरवी असतात. मग काही दिवसांनी कडक ऊन पडतं आणि झाडं माना टाकतात. जमिनीत भरपूर ओल असताना झाड सुकतं कसं? याचं उत्तर मुळांत आहे.

पाणी साचल्यावर मुळांचं काय होतं?

मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. त्यासाठीचा ऑक्सिजन मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. जमिनीत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असतात, त्या स्थितीला शेतकरी 'वाफसा' म्हणतात.

पाणी साचलं की पोकळ्यांतली हवा निघून जाते. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे १० हजार पट हळू पसरतो. उरलेला ऑक्सिजन मुळं आणि मातीतले सूक्ष्मजीव मिळून संपवतात. उबदार जमिनीत याला एक-दोन दिवसही पुरतात.

त्यानंतर मुळं ऑक्सिजनशिवाय जगण्याची धडपड करतात. एरवी साखरेच्या एका रेणूपासून पेशीला ऊर्जा देणाऱ्या 'एटीपी'चे ३० च्या आसपास रेणू मिळतात. ऑक्सिजन नसेल तर फक्त २. एवढ्यावर मूळ फार काळ तग धरत नाही.

पाण्यात उभं राहूनही झाड तहानलेलं का?

मुळांच्या पेशींवर पाणी आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. ऑक्सिजन संपला की पेशीतला रस आम्लधर्मी होतो आणि ही दारं मिटतात. म्हणजे पाणी भोवती असतं, पण आत जात नाही. ढगाळ हवेत पानांतून पाणी कमी उडतं, त्यामुळे हे लक्षात येत नाही. ऊन पडलं की पानांची मागणी वाढते आणि झाड कोलमडतं. पावसाच्या खंडानंतर जोरदार पाऊस झाला की कापसात दिसणारी 'आकस्मिक मर' हा याच प्रकारचा त्रास आहे.

सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. त्यांनाही ऑक्सिजन लागतो. तो तुटला की नत्र थांबतो आणि पानं पिवळी पडतात. तुरीत साचलेलं पाणी फायटोफ्थोरासारख्या रोगाला वाट करून देतं, कारण त्याचे बीजाणू पाण्यातून पोहत मुळांपर्यंत पोहोचतात.

मग भात कसा टिकतो?

भाताच्या मुळांत हवेच्या पोकळ नळ्यांसारखी रचना असते. पानांकडून आलेला ऑक्सिजन त्यातून टोकापर्यंत पोहोचतो आणि मुळाच्या बाहेरच्या थरामुळे वाटेत गळत नाही. म्हणूनच कोकणातला भात चिखलात सुखाने वाढतो.

पण संपूर्ण झाड बुडालं तर भातही मरतो. त्यावर उपाय सापडला ओडिशाच्या 'एफआर १३ ए' या जुन्या वाणात. त्यातलं 'सब १ ए' हे जनुक संशोधकांनी २००६ मध्ये ओळखलं. ते बुडालेल्या रोपाची वाढ रोखून ऊर्जा वाचवतं. 'स्वर्णा सब १' हा वाण त्यामुळे सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरतो. सोयाबीन, तूर, कापसाच्या शेतकऱ्याच्या हाती मात्र असा तोडगा नाही.

मदतीशी याचा काय संबंध?

राज्य सरकारने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. आपत्ती मदतीसाठी पिकाचं किमान ३३ टक्के नुकसान दिसावं लागतं. अडचण इथेच आहे. पंचनाम्याच्या दिवशी पीक उभं आणि हिरवं असेल, तर मुळं कुजल्याची नोंद होण्याची शक्यता कमी.

पीक विम्यातली भरपाई राज्यात खरीप २०२५ पासून पीक कापणी प्रयोगातल्या उत्पादनावर ठरते. यात मुळांचं नुकसान अखेर उत्पादनातून दिसतं. पण हिशेब महसूल मंडळाच्या सरासरीवर होतो. खोलगट भागातल्या, पाणी साचलेल्या एकट्या शेताचं नुकसान त्या सरासरीत झाकलं जाऊ शकतं.

शेतात काय करता येतं?

पहिलं काम म्हणजे चर काढून पाणी लवकर बाहेर काढणं. काळ्या चिकण मातीत पाणी हळू मुरतं, त्यामुळे इथे प्रत्येक दिवस महत्त्वाचा. वाफसा येण्याआधी ट्रॅक्टर घातला तर माती आणखी दबते आणि हवेची वाट बंद होते. पुढच्या हंगामासाठी रुंद वरंबा सरी पद्धत उपयोगी पडते. त्यात पीक उंचवट्यावर राहतं आणि जादा पाणी सरीतून निघून जातं.

पंचनाम्याच्या वेळी पिवळी पडलेली दोन-चार रोपं उपटून पाहणं हाही साधा उपाय आहे. पांढरी, टणक मुळं जिवंत असतात. तपकिरी, मऊ आणि वास येणारी मुळं असतील, तर वरून हिरवं दिसणारं ते पीक बहुधा हातचं गेलेलं असतं. पाणी ओसरल्यावर आठवडाभराने दुसरी पाहणी झाली, तर हे नुकसानही कागदावर येऊ शकेल.