परवाना मागा, पण पिस्तुलाच्या भरवशावर राहू नका

1 जानेवारी 2018 ला भीमा कोरेगावला मानवंदना द्यायला गेलेल्या आपल्या लोकांवर दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी आपल्याच एका भगिनीने पिंपरी पोलीस ठाण्यात फिर्याद दिली. तेव्हापासून पिंपरीच्या वस्त्यांत आणि चाकण एमआयडीसीच्या गेटवर तरुणांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "एकाकडे जरी पिस्तूल असतं, तरी जमाव पळाला असता."

राग खरा आहे. वाक्य सिनेमातलं आहे.

शूटिंग रेंजवर कागद हलत नाही, दगड मारत नाही, मागून येत नाही. जमाव चहूबाजूंनी येतो. जीव धोक्यात असताना छाती धडधडते, हात थरथरतात, नजर समोरच्या एकाच माणसावर खिळते आणि बाजूचा दिसतच नाही. न्यूयॉर्क पोलिसांचा 1998 ते 2006 चा अभ्यास झाला. समोरूनही गोळ्या येत असतील, तेव्हा पगारी, प्रशिक्षित पोलिसांच्या शंभरातल्या सरासरी 18 गोळ्याच लागत होत्या. त्याच शहरात 24 ऑगस्ट 2012 ला एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एकाच हल्लेखोरावर 16 गोळ्या झाडल्या. तो मेला, पण वाटेवरचे नऊजणही जखमी झाले. मग बारा तासांची शिफ्ट करून दमलेला कंत्राटी कामगार, बायकापोरं सोबत असताना, पन्नासजणांसमोर काय नेम धरणार?

लांब कशाला जायचं? 30 जुलै 2018 ला मराठा आरक्षण आंदोलनात चाकण पेटलं. बसगाड्या जळाल्या, पोलीस जखमी झाले. कायदा, शस्त्रं आणि प्रशिक्षण ज्यांच्याकडे आहे, त्यांची ही गत.

कोणी म्हणेल, कायदा आपल्या बाजूने आहे. आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 44 मध्ये जमावावर गोळी झाडण्याचंच उदाहरण दिलंय. जीव वाचवायला दुसरा मार्गच नसेल आणि जमावात मिसळलेल्या लहान मुलांना इजा झाली, तरी तो गुन्हा नाही. पण तो बचाव होता हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. आणि आरोपी कोण होणार? जमाव पांगतो, पिस्तूलवाला सापडतो.

मग परवाना मागायचाच नाही का? जरूर मागा. ॲट्रॉसिटी कायद्याच्या 1995 च्या नियमांतल्या नियम 3 नुसार, गरज असेल तिथे अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्रपरवाना देणं हे सरकारचं काम आहे. पण तोच नियम पूर्ण वाचा. आधी अत्याचारप्रवण क्षेत्र ठरवा. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी तिथे जाऊन पाहणी करावी. गरज पडल्यास इतरांचे परवाने रद्द करा, बेकायदा शस्त्रं जप्त करा, विशेष पोलीस दल नेमा. म्हणजे जमाव जमायच्या आधीच त्याचे हात बांधा! आपण मात्र या यादीतली एकच ओळ पाठ केली, कारण तिच्यात पिस्तूल आहे.

सरकारलाही हेच सोयीचं आहे. एकाला परवाना दिला की संपूर्ण वस्तीच्या संरक्षणातून हात झटकता येतात.

म्हणून मित्रांनो, पुढचा अर्ज एकट्याच्या परवान्याचा नको, वस्तीच्या नावाने पूर्ण नियम 3 चा द्या. पोहोच घ्या, तारीख लिहून ठेवा, उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार टाका. पिस्तुलातल्या गोळ्या संपतात. कागदावर सरकारला बांधून घेतलं, तर त्याला पळता येत नाही.

जय भीम!