आमचीं उपासनागीतें : एक तक्रार

गेल्या आषाढांत आमच्या मंडळीच्या तरुणसंघाचें शिबिर ताम्हिणीस भरलें होतें. वडीलधाऱ्यांपैकीं कोणीतरी बरोबर असावें म्हणून मलाही नेण्यांत आलें. पहिल्या रात्रीं उपासना चालू असतां घाटांत पावसानें जोर धरला आणि दिवे गेले. (ज्या मुळशीच्या पाण्यावर भिऱ्यास वीज तयार होते, त्या पाण्याच्या शेजारींच आम्ही अंधारांत बसलों होतों, पण तो विषय निराळा.) दिव्यांबरोबर पडद्यावरचे शब्द गेले, ध्वनिवर्धक गेला, आणि चालू गीत ओळीच्या मध्येंच थांबलें. तीसचाळीस तरुण मंडळी. पैकीं एकालाही पुढची ओळ येत नव्हती. गिटार कांहीं वेळ एकटीच वाजत राहिली. तेव्हां मीं मोठ्या ऐटीनें नारायण वामन टिळकांचें एक पद सुरू केलें. लहानपणीं आईच्या तोंडून तें शेकडों वेळां ऐकलेलें. पहिलें कडवें झालें आणि दुसऱ्याशीं मीही अडलों. मग बराच वेळ पावसाचाच काय तो आवाज येत होता.

पुढील तक्रार मी लिहितों आहें ती या लाजेसकट, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आज शहरांतील आणि आतां तालुक्याच्या गांवींच्याही मंडळ्यांतून जीं नवीं उपासनागीतें गाइलीं जातात, त्यांतील पुष्कळशीं मराठी नाहींत. तीं मराठी शब्दांत म्हटलेलीं इंग्रजी गीतें आहेत. हा शब्दच्छल नव्हे. देव, प्रभु, राजा, प्रेम, कृपा यांना इंग्रजींत जे शब्द आहेत ते एकेका उच्चारांत आटपतात. धून रचणारा नेमका त्यांवर ठोका देतो. आमचा ‘परमेश्वर’ पांच अक्षरांचा. मग एक तर एका स्वरांत तीन अक्षरें कोंबावयाचीं, किंवा अर्थास कात्री लावावयाची. ऱ्हस्वदीर्घाचें तर विचारूंच नये. अभंगांतही ऱ्हस्व अक्षर लांबतें, हें मला ठाऊक आहे. पण तेथें तें गाणाऱ्याच्या खुशीनें लांबतें, येथें धुनीच्या सक्तीनें.

याहून मोठी फसगत वाक्यरचनेची. इंग्रजींत क्रियापद आधीं उरकून जातें आणि ज्याची स्तुति करावयाची त्याचें नांव मागून येतें. म्हणून धून चढत चढत जाते आणि नांवावर शिखर गांठते. मराठींत क्रियापद शेवटीं. भाषांतर करणारा बिचारा आपल्या भाषेच्या नियमानें वाक्य पुरें करतो, आणि सारी मंडळी हात उंचावून, डोळे मिटून, वाद्यांच्या कल्लोळांत जो शब्द आळवीत राहते, तो असतो ‘आहेस’! हें मीं एकदां नव्हे, अनेकदां पाहिलें आहे. असणें या क्रियापदाची एवढी आराधना दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणांतही सांपडणार नाहीं.

आमच्या पिढीचे लोक या गीतांवर पुनरुक्तीचा आरोप करतात. मी करीत नाहीं. ज्यानें एकदां भजन ऐकलें आहे, त्यानें पुनरुक्तीस हंसूं नये. पण भजनांत बुवा एकदां म्हणतो आणि टाळकरी तेंच चारदां म्हणतात. ती पुनरुक्ति समुदायाची असते. नव्या उपासनेंत चबुतऱ्यावरचे पांचसहाजण तीच ओळ पुन्हां पुन्हां म्हणतात, आणि ध्वनिवर्धकाच्या गर्जनेंत शेजाऱ्याचा आवाज तर सोडाच, स्वतःचाही ऐकूं येत नाहीं. लोकांचे ओठ हलतात, इतकेंच. दिवे गेल्यावर ताम्हिणीस जें उघडें पडलें तें हेंच कीं, त्या खोलींत इतका वेळ कोणी गातच नव्हतें.

ही अवस्था कांहीं परंपरेच्या अभावीं आलेली नाहीं. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट. त्याचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. येशूची कथा सांगावयास त्यानें ओवी घेतली, आणि दहा हजारांहून अधिक ओव्या रचल्या. पुढें एकोणिसाव्या शतकांत मिशनऱ्यांनीं आपल्या देशच्या धुनींवर मराठी शब्द बसविण्याचा उद्योग केला; तेव्हांही शब्द असेच लंगडत. परंतु त्याच शतकांत अहमदनगराकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनीं ख्रिस्ती पद आणि कीर्तन उभें केलें. टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं आलों, असें ते सांगत, आणि तो पूल त्यांनीं मागें मोडून टाकिला नाहीं. १९१९ सालीं ते वारले तोंपर्यंत पदें, अभंग, भजनें यांचा ओघ चालू होता. ‘उपासना-संगीतां’त एकट्या त्यांच्या रचना अडीचशेंहून अधिक आहेत. परक्यानें येऊन जें शिकलें, तें घरच्यांनीं शंभर वर्षांत विसरावें!

आतां नव्या गीतांची उगमस्थानें पाहा. २०१० ते २०२० या दहा वर्षांत अमेरिकेंतील मंडळ्यांत सर्वाधिक गाइल्या गेलेल्या नव्या गीतांची कांहीं अभ्यासकांनीं मोजदाद केली. अडतीस गीतांपैकीं छत्तीसांचा संबंध चार अवाढव्य मंडळ्यांशीं निघाला: सिडनीची हिलसाँग, कॅलिफोर्नियांतील बेथेल, आणि अमेरिकेंतीलच पॅशन व एलेव्हेशन. गीतामागें परवाना, परवान्यामागें शुल्क, अशी तेथें चोख व्यवस्था आहे. पृथ्वीवरील कोट्यवधि लोकांनीं देवाशीं कोणत्या सुरांत बोलावें, हें चार ठिकाणीं ठरतें. कापडाच्या व्यापारांत असें झालें असतें तर आम्हीं होळी पेटविली असती.

तरुणांचें म्हणणें मीं ऐकून घेतलें आहे, आणि त्यांतील एक मुद्दा मला बोंचला. एक मुलगी म्हणाली, “काका, तुमच्या पदांतली मराठी तरी आमच्या आजीची होती का?” टिळक चित्पावन, त्यांची पदरचना कीर्तनाच्या आणि संस्कृत वळणाच्या मराठींत मुरलेली. नगरच्या मंडळींतील बहुतेक घराणीं त्या काळीं अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेलीं. त्या आजीची ओवी जात्यावरची होती, आणि ती पुस्तकांत फारशी आली नाहीं. हें खरें आहे, आणि याला माझ्यापाशीं उत्तर नाहीं. पण त्या मुलीस मीं एवढेंच विचारलें कीं, आजीच्या ओवीची जागा सिडनीच्या धुनीनें कशी भरून निघते? जात्यावरची ओवी आणावयाची असेल तर आणा. मी टाळ धरून मागें बसतों. नवीन मराठी गीतें रचणारे तरुणही आहेत, नाहींत असें नाहीं. परंतु तेही त्याच चार ठोक्यांच्या साच्यांत रचतात, कारण वाजविणाऱ्यांना दुसरा साचा येत नाहीं.

आणि तो त्यांना कोणीं शिकवावयाचा होता? आम्हीं. पुस्तक आम्हीं कपाटांत ठेविलें, लग्नांत आणि प्रेतक्रियेंत तेवढें बाहेर काढलें. जुन्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर केवळ चालीचें नांव छापीत. ज्याला ती चाल ठाऊक, त्याच्यापुरती ती सोय होती. ते लोक एकामागून एक जात आहेत, आणि चालीचें नुसतें नांव वाचून कोणाला गातां येणार?

शिबिराच्या शेवटच्या दिवशीं सकाळीं गिटारवाल्या मुलानें मला गांठून विचारलें, “त्या रात्रीं अडलेल्या पदाचें पुढचें कडवें काय होतें?” पुण्यास येतांच पुस्तक काढून मीं तें उतरून त्याला पाठविलें. दुसऱ्या दिवशीं त्याचें पुन्हां विचारणें आलें: शब्द मिळाले, पण दुसऱ्या कडव्यापाशीं चाल बदलते असें वाटतें, ती कशी? आईला जाऊन बारा वर्षें झालीं. गेले दोन महिने मी ओळखीच्या वृद्धांकडे चौकशी करीत हिंडतों आहें.