लेक्चर लावलेलं असायचं, लक्ष नसायचं

‘माझा आवाज येतोय का?’ मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि प्राध्यापकांचा प्रत्येक तास या प्रश्नाने सुरू होऊ लागला. समोर कॅमेरे बंद, चौकोनांत नुसती नावे. कोणी नेटवर्कसाठी गच्चीवर, कोणी टेकडीवर, तर कुठे एकाच मोबाइलवर दोन भावंडांचे तास. त्या काळातल्या विद्यार्थ्यांकडून आजही ऐकू येते, ‘लेक्चर लावलेलं असायचं, लक्ष नसायचं.’ त्यावरून ‘ऑनलाइन शिकणे म्हणजे वेळ वाया’ असा निकाल आपण देऊन टाकला. तो घाईचा होता.

थकवा खरा होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये त्याची चार संभाव्य कारणे मांडली: अगदी जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा सतत समोर दिसणे, एका जागी खिळून बसणे आणि हावभाव ओळखण्यासाठी मेंदूला पडणारे जादा श्रम. म्हणून तासाच्या मध्ये उठून चार पावले चालणे, स्वतःची खिडकी लपवणे हे आळशीपणाचे लक्षण नाही.

पण लक्ष उडण्याचे काय? हार्वर्डमधील मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. संख्याशास्त्राचे २१ मिनिटांचे व्हिडिओ व्याख्यान त्यांनी चार भागांत दाखवले. काहींना प्रत्येक भागानंतर छोटे प्रश्न विचारले, काहींना तोच मजकूर पुन्हा पाहायला दिला. प्रश्न सोडवणाऱ्यांचे मन जवळपास निम्म्याने कमी भरकटले, त्यांनी टिपणे जास्त काढली आणि शेवटच्या चाचणीत ते सरस ठरले. इतकेच नव्हे, त्या चाचणीची धास्तीही त्यांना कमी वाटली.

यात नवल नाही. वाचलेले पुन्हा वाचताना ‘हे मला येते’ असे वाटते. आठवून सांगायची वेळ आली की खरे काय ते कळते. आणि आठवण्याच्या खटाटोपानेच ते पक्के होते. वर्गात शिक्षक चेहरे पाहून थांबतात, मागच्या बाकावरच्याला उभे करतात. पडद्यावर ही टोचणी आपोआप येत नाही. ती मुद्दाम पेरावी लागते.

रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानाचा एक मोठा गुण मात्र विसरू नये. मराठी माध्यमातून येऊन प्रथमच इंग्रजीत विज्ञान शिकणाऱ्या मुलाला भर वर्गात ‘सर, पुन्हा सांगा’ म्हणायला संकोच वाटतो. व्हिडिओ तो दहा वेळा मागे नेऊ शकतो. त्याच्यासाठी ही सोय चैन नाही, आधार आहे.

हा विषय महासाथीबरोबर संपलेला नाही. एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम’वरून करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये दिली आहे. मग तासाभराचे भाषण जसेच्या तसे चढवून विद्यापीठांनी मोकळे होऊ नये. दर सहा-सात मिनिटांनी एक प्रश्न, आणि शंकांसाठी आठवड्यातून एकदा समोरासमोर भेट, एवढे तरी बंधनकारक करावे.

तोवर विद्यार्थ्यांनी स्वतःच व्हिडिओ थांबवावा, वही मिटावी आणि आताच काय ऐकले ते कागदावर लिहून पाहावे. आठवले नाही, तर लाज वाटून घेऊ नये. थोडे मागे जावे. वर्गात ही सोय कधीच नव्हती.